चिमणीचा धूर आणि पाण्यातले शेवाळ
(इयत्ता चौथी)



कोळशाच्या वीजकेंद्राची चिमणी एसटीतून जाताना पुष्कळांनी पाहिली असेल. तिच्यातून निघणारा धूर आपल्याला दिसतो. पण त्या धुरात एक वायू असा असतो की तो दिसत नाही आणि त्याला वासही नाही. त्याचे नाव कार्बन डायऑक्साइड. जुन्या पुस्तकांत त्याला कर्बवायू म्हटले आहे. मी पण तेच लिहिते, सोपं पडतं.

साध्या हवेचे दहा हजार भाग केले तर त्यात कर्बवायू चार भागांहून थोडासाच जास्त असतो. कोळशाच्या चिमणीत मात्र दहा हजारांत बाराशे ते चौदाशे भाग! हा वायू हवेत वाढला की पृथ्वीने गोधडी पांघरल्यासारखे होते. ऊब बाहेर जात नाही, उन्हाळा कडक होतो, पावसाचे वेळापत्रक बिघडते. म्हणून चिमणीतला वायू चिमणीपाशीच कोणी खाऊन टाकेल का, याचा शोध लोक कधीपासून घेत आहेत.

खाणारा आपल्या ओळखीचा आहे. शेवाळ! हौदातले लांब केसांसारखे असते ते नव्हे, त्याचे अगदी बारीक भाऊबंद. उन्हाळ्यात डबक्याचे पाणी हिरवेगार दिसते, पण हातात घेतले तर काहीच लागत नाही. तेव्हा ते त्यात असते. क्लोरेला नावाची एक जात आहे. तिचे दोनशे दाणे ओळीने मांडले तर साधारण एक मिलिमीटर भरेल.

झाडासारखेच त्याच्यात हरितद्रव्य आहे. ऊन, पाणी आणि कर्बवायू घेऊन ते आपले अन्न करते व प्राणवायू सोडते. पण झाडाला खोड वाढवायचे, मुळे पोसायची, फळे धरायची. शेवाळाला यातले काहीच नाही. खायचं आणि वाढायचं, एवढंच काम. काही जाती तर एका दिवसात दुप्पट होतात. एक किलो वाळलेले शेवाळ तयार होते तेव्हा त्याने साधारण १ किलो ८०० ग्रॅम कर्बवायू खाल्लेला असतो. किलोभर शेवाळाने पावणेदोन किलोच्या वर वायू कसा खाल्ला, असे मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "अगं, त्यातला कर्ब ठेवून घेतं आणि प्राणवायू सोडून देतं, म्हणून."

आता हे करतात कसे? धूर तसाच पाण्यात सोडून चालत नाही. तो गरम असतो, त्यात राख असते आणि गंधकाचा वायू असतो. गंधकाने पाणी आंबट होते. म्हणून धूर आधी धुऊन, थंड करून घेतात. मग नळीने तळ्याच्या पाण्यात बुडबुडे सोडतात. तळे फक्त वीतभर खोल ठेवतात. जास्त खोल केले तर वरचे शेवाळ ऊन अडवते आणि खालचे उपाशी राहते. पण वीतभर पाण्यातून बुडबुडा पटकन वर येतो आणि वायू फुकट जातो. म्हणून तळ्यात एके ठिकाणी खोल खड्डा करतात व वायू त्याच्या तळाशी सोडतात. पाणी फिरते राहावे म्हणून मोठे पंख्याचे चाक लावतात, ते सावकाश फिरते. शेवाळाला खतही लागते, आपल्या पिकासारखेच नत्र आणि स्फुरद. काही ठिकाणी तळ्याऐवजी काचेच्या नळ्या वापरतात. जर्मनीत क्लोट्झे या गावी शेवाळ वाढवायला ५०० किलोमीटर लांबीच्या नळ्या बसवल्या. एवढ्या नळ्या धुवायच्या कुणी?

इस्रायल देशात समुद्रकाठी अश्कलॉन शहर आहे. तिथे कोळशाचे वीजकेंद्र आहे. २००३ साली निघालेल्या सीमबायोटिक नावाच्या कंपनीने तिथल्या चिमणीचा धूर घेऊन तळ्यांत शेवाळ वाढवून दाखवले. पाणी समुद्राचे, पिण्याचे नव्हे. मला हे फार आवडले, कारण आपल्याकडे मार्चनंतर पिण्याच्याच पाण्याची ओरड असते.

त्याच्या आधी अमेरिकेत सरकारने १९७८ ते १९९६ असा शेवाळाचा मोठा प्रयोग चालवला. शेवाळापासून गाडीचे तेल काढायचे होते. रोझवेल या गावी एकेक हजार चौरस मीटरची तळी केली होती. त्यांत चिमणीचा धूर नव्हे, शुद्ध कर्बवायू सोडत. सोडलेल्या वायूपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त शेवाळाने खाल्ला! पण तिथल्या रात्री फार थंड. एखाद्या चांगल्या दिवशी एका चौरस मीटरला पन्नास ग्रॅम शेवाळ मिळे, पण सगळे दिवस धरून सरासरी दहाच ग्रॅम पडली.

वर्गात काहीजण म्हणाले की मग प्रत्येक चिमणीखाली एक तळे करा, काम झालं. म्हणून गुरुजींनी फळ्यावर गणित घातले. तुम्हीही करून पाहा.

दहा आणि पन्नास यांच्या मधले आपण वीस ग्रॅम धरू. वीस ग्रॅम शेवाळ म्हणजे ३६ ग्रॅम कर्बवायू. म्हणजे एका चौरस मीटरचे तळे दिवसाला ३६ ग्रॅम खाते. आता आमच्या घरी महिन्याला ६० युनिट वीज लागते. कोळशावर एक युनिट तयार झाले की साधारण एक किलो कर्बवायू निघतो. आपली सगळी वीज कोळशाची नसते, पण गणितापुरती धरली. म्हणजे महिन्याला ६० किलो, दिवसाला २ किलो. दोन हजार ग्रॅमला ३६ ने भागले तर ५५ चौरस मीटर पुरत नाहीत, ५६ लागतात. आपला वर्ग सात मीटर लांब आणि चार मीटर रुंद आहे, टेपने मोजला. म्हणजे एका घराच्या दिव्या-पंख्यासाठी दोन वर्गांएवढे तळे! तीनशे घरांच्या गावाला चार एकरांच्या वर जागा जाईल.

हे झाले घरांचे. वीजकेंद्रातला ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण चालला तर तासाला पाच लाख युनिट करतो. दिवसाचा कर्बवायू बारा हजार टन. त्याला तळे लागेल सुमारे ३३३ चौरस किलोमीटरचे. पैठणचा नाथसागर पूर्ण भरल्यावर साधारण ३५० असतो. एका संचाला जवळजवळ अख्खा नाथसागर! आणि रात्री शेवाळ खात नाही, चिमणी तर रात्रीही चालू. मी हे घरी सांगितले तेव्हा बाबा म्हणाले, "मग आपण पेरायचं कुठं?" खारपड जमीन आणि समुद्राचे पाणी असेल तिथे करता येईल, पण पिकाऊ रान यासाठी देऊ नये असे मला वाटते.

काढणीही सोपी नाही. उघड्या तळ्यात हजार लिटर पाण्यामागे शेवाळ अर्धा किलोच्या आसपास निघते. फडक्याने गाळले तर ते पाण्याबरोबर खाली जाते. डेअरीत दुधातून साय काढायचे गरगर फिरणारे यंत्र असते, तसल्या यंत्राने काढावे लागते. त्याला वीज लागते, आणि वीज कोळशाची असली तर परत धूर!

शिवाय काढलेल्या शेवाळाचे काय करायचे? माशांना खाऊ घातले तर मासे श्वासातून कर्बवायू सोडणार. तेल काढून जाळले तरी तो हवेत जाणार. म्हणजे शेवाळाने वायू उसना घेतला, कायमचा नाही. तरी त्याचा उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. एकाच कोळशातून एकदा वीज मिळाली आणि दुसऱ्यांदा खाद्य किंवा तेल मिळाले, तर तेवढे दुसरे तेल जमिनीतून काढावे लागत नाही. मौज अशी की जमिनीतले खनिज तेल हे पण कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात वाढून तळाशी गाडल्या गेलेल्या अशाच बारीक जिवांचे झालेले आहे. ते गाडलेलेच राहिले असते तर कर्बही खालीच राहिला असता.

पालकांसाठी सूचना : वर्गाच्या खिडकीत काचेच्या बरणीत हौदातले केसांसारखे शेवाळ ठेवले आहे. उन्हात त्याच्यावर मोत्यासारखे बुडबुडे धरतात, ते प्राणवायूचे. बरणी सावलीत नेली की थोड्या वेळाने बुडबुडे येणे थांबते. ऊन बाराच्या सुमाराला चांगले येते. बरणी हलवू नये, आणि ते पाणी कुणी पिऊ नये.