कोबाल्टयुक्त पोलादाची तीन पदरी सुरी

जपानमधील फुकुई प्रांतात, एचिझेन येथे, ताकेफु स्पेशल स्टील ही कंपनी जे 'व्हीजी-१०' नामक पोलाद तयार करते, त्यात अदमासे १ टक्का कार्बन, १५ टक्के क्रोमियम आणि दीड टक्का कोबाल्ट असतो. क्रोमियम कार्बनाशी संयोग पावून कठीण कण निर्माण करतो. कोबाल्ट मात्र लोहातच विरघळून राहतो आणि त्या लोहालाच बळकटी आणतो. पाणी दिल्यानंतर या पोलादाची कठिणता रॉकवेल मापाने ६०च्या आसपास भरते. इतके कठीण पोलाद ठिसूळपणाकडे झुकणारच; म्हणून त्याचा पातळ गाभा मऊ, न गंजणाऱ्या पोलादाच्या दोन पदरांमध्ये घट्ट जोडतात, जेणेकरून आघात पदरांनी सोसावा आणि धार गाभ्याने धरावी.

नित्याच्या वापरात कांदा, टोमॅटो, मासळीचे मांस यांवर ही सुरी दीर्घकाळ तीक्ष्ण राहते, आणि लिंबाच्या रसाने तिच्यावर सहसा डाग पडत नाही. परंतु पदरांचे संरक्षण धारेच्या अगदी टोकापर्यंत पोहोचत नाही, ही गोष्ट खरेदीदाराच्या सहसा ध्यानात येत नाही. हाड, गोठलेले मांस किंवा नारळाची करवंटी यांवर ती चालवली की धारेचे बारीक टवके उडतात. त्या कामास आपला कोयताच बरा! धार लावताना पाण्याचा दगड वापरावा, आणि कडेला चिकटून राहणारी चिवट कोर हलक्या हाताने, सबुरीने काढावी.