हातासरशी

सकाळी आठला सुरू झालेला ओव्हर संपायला साडेआठ वाजतात. नाइटची सिस्टर कॉटमागून कॉट सांगत जाते. चार नंबर सोनोग्राफीसाठी उपाशी, नऊची शुगर रात्री वाढलेली, अकराचं रक्त क्रॉसमॅचला गेलंय. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातला हा मेडिसिन वॉर्ड. तिथे रुजू होऊन तीनच आठवडे झालेली सिस्टर हे सगळं एका चिठ्ठीवर टिपते आणि चिठ्ठी खिशात टाकते. दुपारपर्यंत त्या चिठ्ठीच्या पाठकोऱ्या बाजूवरही जागा उरत नाही.

आता इंजेक्शनं. सेफ्ट्रिॲक्सोन, एक ग्रॅम. वायलमध्ये दहा मिली पाणी सोडायचं, पावडर विरघळेपर्यंत हलवायची, सगळं पुन्हा सिरिंजमध्ये ओढायचं. रुग्णाला नाव विचारायचं, केसपेपरशी ताडायचं, शीर सुजलेली नाही ना हे बघायचं आणि मग दोन ते चार मिनिटं सावकाश औषध सोडायचं. एका रुग्णामागे पाच मिनिटं धरली तरी पंधरा जणांचे पंधरा पंचे पंचाहत्तर. तेही मधे कुणी हाक मारली नाही तर.

हाक येतेच. "सिस्टर, सलाईन संपलं!" एक्स-रेचे मामा केसपेपर मागतात. राउंडला आलेले डॉक्टर कालचा रिपोर्ट विचारतात. एका आजोबांचा मुलगा तिसऱ्यांदा येऊन डिस्चार्ज कधी म्हणतो. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांना औषधं देताना बारकाईने पाहिलं गेलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, मधे आलेल्या प्रत्येक व्यत्ययागणिक चुकांचं प्रमाण सुमारे बारा टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. या वॉर्डात व्यत्यय कुणी मोजत नाही.

नवी सिस्टर सलाईन बदलायला जाते. बाटली लावते, थेंब मोजते. पाचशे मिली आठ तासांत, म्हणजे वीस थेंबांच्या सेटवर मिनिटाला एकवीस. घड्याळ बघून चाकी फिरवते. ट्रेपाशी परतते तर शेजारच्या कॉटची युरोबॅग भरलेली. पुन्हा तिकडे. मग कळतं, चिकटपट्टी आणायची राहिली. पुन्हा ट्रेकडे.

पंचवीस वर्षं वॉर्डात काढलेल्या इनचार्ज सिस्टर त्याच कॉटपाशी जातात तेव्हा सलाईन लावता लावता युरोबॅग पाहतात, सुईची जागा चाचपतात, आजी किती घास जेवल्या हे सुनेला विचारतात आणि परतताना पलीकडच्या कॉटचा ऑक्सिजनचा मास्क सरळ करतात. हे सगळं हातासरशी. त्या भरभर चालतात असंही नाही. "अगं, रिकाम्या हाताने जायचं नाही आणि रिकाम्या हाताने यायचं नाही," एवढंच त्या सांगतात. हे कुठल्या अभ्यासक्रमात नाही.

कॉलेजात एकेका रुग्णाचा केअर प्लॅन पानंच्या पानं लिहून घेतात, आणि नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तीस रुग्ण एकदम पुढ्यात येतात. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली नवख्या आणि मुरलेल्या परिचारिकांतला फरक मांडला, त्यात हेच आहे: नवखीला सगळीच कामं सारख्या वजनाची वाटतात. चादर बदलणं थांबू शकतं. जेवणाआधी अर्धा तास द्यायचं इन्सुलिन थांबू शकत नाही. जेवणाच्या ट्रॉलीची खडखड ऐकून जिला इन्सुलिन आठवतं, तिला आधीच उशीर झालेला असतो.

पण सगळं खापर तिच्या 'टाइम मॅनेजमेंट'वर फोडणं सोयीचं आहे, खरं नाही. शिक्षण रुग्णालयातल्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. या वॉर्डात आज तिसांमागे दोघी आहेत, त्यातली एक अकरा वाजता ब्लड बँकेत गेली.

ड्यूटी दोनला संपते. नोट्स लिहून ती निघते तेव्हा तीन वाजत आलेले असतात. डबा उघडलेलाच नाही. रिक्षात बसल्यावर तिला सहा नंबर आठवतो आणि ती वॉर्डला फोन लावते.

"सिस्टर, सहा नंबरचं दोनचं अमॉक्सिक्लॅव दिलंय मी, सही राहिलीय. पुन्हा देऊ नका."

"बरं झालं सांगितलंस. वायल हातातच आहे माझ्या."