लेटरपॅडची पॉवर!

यवतमाळात कुणालाही विचारा, ‘खासदारांचं पत्र’ म्हणजे काय चीज असते ते! नागपूर-मुंबईचं तिकीट वेटिंगवर लटकलंय? पत्र आणा. ऑपरेशनसाठी सरकारी मदत हवीय? पत्र आणा. वर अशोकस्तंभ, खाली सही. बस्स, टेबलापलीकडचा साहेब लगेच खुर्चीत ताठ बसतो.

मी पण एकदा असं पत्र वापरलंय. कुणाचं ते सोडा! बर्थ कन्फर्म झाला आणि आपण सॉलिड खूश. तेव्हा डोक्यात एकच फंडा होता, पत्र म्हणजे पॉवर.

या पॉवरचं दुसरं टोक दिसलं ते जुलै 2023 मध्ये, दिल्लीच्या विशेष कोर्टात. आरोपी होते यवतमाळचे माजी खासदार विजय दर्डा. आणि केसच्या मध्यभागी होती थेट पंतप्रधानांना लिहिलेली पत्रं.

तीन टर्म, अठरा वर्षं

यवतमाळ म्हटलं की आत्महत्या करणारा शेतकरी आठवतो. पण याच जिल्ह्यातल्या पुसदनं वसंतराव आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री दिलेत, हे आपण विसरतो. सत्ता इथं नवी नाही. दर्डांच्या घरात तर नाहीच नाही. वडील जवाहरलाल दर्डा म्हणजे ‘बाबूजी’. स्वातंत्र्यसैनिक, राज्याचे मंत्री आणि ‘लोकमत’चे संस्थापक. 1971 मध्ये नागपुरात हे दैनिक सुरू झालं आणि बघता बघता महाराष्ट्रभर पसरलं. धाकटे बंधू राजेंद्र औरंगाबादहून आमदार झाले, मंत्रीही झाले.

1997 मध्ये बाबूजी गेले. पुढच्याच वर्षी विजय दर्डा राज्यसभेत! तेही अपक्ष म्हणून. त्या निवडणुकीत काँग्रेसचे अधिकृत उमेदवार राम प्रधान पडले होते. पुढे 2004 आणि 2010 मध्ये मात्र दर्डा काँग्रेसच्याच तिकिटावर निवडून गेले. हातात पेपर, पाठीशी पक्ष आणि खिशात खासदारकी. 2016 पर्यंत, सलग अठरा वर्षं. करिअर ग्राफ म्हणतात तो हाच की!

कोळसा कुठला, नाव कुणाचं?

आता थोडं टेक्निकल. त्या काळात कोळशाच्या खाणींचा लिलाव होत नसे. कंपनीनं अर्ज करायचा, सरकारची स्क्रीनिंग कमिटी तपासणार आणि खाण देणार. म्हणजे अर्जात काय लिहिलंय आणि कोण शब्द टाकतंय, यावर कोट्यवधींचा खेळ.

जेएलडी यवतमाळ एनर्जी या कंपनीला छत्तीसगडमधली फतेहपूर पूर्व ही खाण हवी होती. गंमत बघा, कोळसा छत्तीसगडचा, निर्णय दिल्लीचा आणि कंपनीच्या नावात आपलं यवतमाळ!

2012 मध्ये कॅगचा अहवाल आला. 1 लाख 86 हजार कोटींचा आकडा गाजला. त्याच सप्टेंबरमध्ये सीबीआयनं या कंपनीवर गुन्हा नोंदवला. आरोप असा की, ग्रुपमधल्या कंपन्यांना आधीच खाणी मिळाल्यात, हे अर्जात लपवलं. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टानं एका फटक्यात 214 खाणवाटपं रद्द केली.

या केसमध्ये तर सीबीआयनं क्लोजर रिपोर्टच दिला होता. म्हणजे फाइल बंद! पण नोव्हेंबर 2014 मध्ये कोर्टानं तो फेटाळला. कोळसा खातं तेव्हा पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्याकडे होतं. त्यांना लिहिलेल्या पत्रांत दर्डांनी वस्तुस्थिती चुकीची मांडली, असं कोर्टानं नमूद केलं आणि पुन्हा तपास करायला लावला.

26 जुलै 2023. विजय दर्डा, मुलगा देवेंद्र आणि उद्योगपती मनोजकुमार जयस्वाल यांना चार-चार वर्षांची शिक्षा, प्रत्येकी 15 लाख दंड. कंपनीला 50 लाख. माजी कोळसा सचिव एच. सी. गुप्ता आणि आणखी दोन अधिकाऱ्यांना तीन-तीन वर्षं. दर्डांचं वय तेव्हा 73. निकालाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि दोनच दिवसांत तिघांना अंतरिम जामीनही मिळाला. त्यामुळे 2023 चा निकाल हा खालच्या कोर्टाचा निकाल आहे, शेवटचा शब्द नाही.

न लिहिलेली ओळ

मास कॉमला पहिल्याच वर्षी सरांनी सांगितलं होतं, खोटी बातमी दोन प्रकारची. एक, खोटं छापलेली. दुसरी, खरं गाळलेली. कोर्टात पोचली ती एका वृत्तपत्राच्या मालकाची पत्रं. त्यामुळे आम्हा मीडियावाल्यांना ही केस जरा जास्तच टोचते.

आणि तुम्हाला? जॉइनिंगच्या दिवशी एचआरनं पुढे केलेल्या फॉर्मवर ‘वरील माहिती खरी व पूर्ण आहे’ याखाली तुम्हीही सही ठोकलीय. ‘खरी’ वाचतो आपण. ‘पूर्ण’ कोण वाचतं, बॉस?

राहता राहिला माझा तो कन्फर्म बर्थ. पत्रानं मी वर सरकले तेव्हा यादीत कुणीतरी खाली घसरलंच असणार. ते कोण, हे मी विचारलं नव्हतं. पत्रात तशी ओळच नसते ना!