दवाखान्याचा उंबरठा

वैद्यकीची परीक्षा उत्तीर्ण होऊन घरांतील चिरंजीव किंवा सूनबाई अंधेरीस वा मुलुंडास दवाखाना थाटण्याचें मनावर घेतात, तेव्हां वडील मंडळींपुढें पहिला प्रश्न जागेचा उभा राहतो व दुसरा पैशाचा. तिसरा प्रश्न कोणी मोठ्यानें विचारीत नाहीं, परंतु तो सर्वांच्याच मनांत घोळत असतो: ह्या नव्या दवाखान्यांत रोगी यावयाचे कोठून? कापडाच्या दुकानदारास ही विवंचना इतकी जाचत नाहीं. तो वर्तमानपत्रांत जाहिरात देतो, सणासुदीला सूट जाहीर करितो, दारावर दिव्यांच्या माळा सोडतो. डॉक्टरास ही मोकळीक नाहीं. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेनें २००२ सालीं डॉक्टरांच्या आचारासंबंधीं जे नियम केले, त्यांप्रमाणें जाहिरात करून रोगी मिळविणें हा व्यवसायधर्माचा भंग होय. दवाखाना उघडला, जागा बदलली, बाहेरगांवाहून परत येऊन काम पुन्हा सुरू केलें, अशा मोजक्या प्रसंगीं वर्तमानपत्रांत निवेदन देण्यास मुभा आहे. दाराशीं पाटी लावावी, पण ती अवाजवी मोठी नसावी. तीवर नांव, पदव्या, विशेष विषय व नोंदणीचा क्रमांक असावा. आणि औषधविक्याच्या दुकानावर तर ती मुळींच नसावी. परिषदेच्या जागीं आतां राष्ट्रीय वैद्यक आयोग आला आहे. त्यानें २०२३ च्या ऑगस्टांत नवे नियम प्रसिद्ध केले खरे, पण त्याच महिन्यांत ते स्थगित झाले व जुनेच पुन्हा लागू झाले. ह्या नियमांतून पळवाटा काढणारे आहेत. तो विषय निराळा.

मग नवख्या डॉक्टराच्या वतीनें चार शब्द बोलणार कोण? बरा होऊन गेलेला रोगी हा त्याचा खरा साक्षीदार. परंतु असे साक्षीदार जमण्यास वर्षें लोटावीं लागतात. तोंवर बोलते ती केवळ दवाखान्याची जागा. आणि ती काय बोलते, हें बहुतेक डॉक्टर कधीं ऐकत नाहींत, कारण ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूस बसलेले असतात.

उपनगरांचें रूप गेल्या पाऊणशें वर्षांत पार पालटलें. महानगरपालिकेची हद्द १९५० सालीं जोगेश्वरी व भांडुपपर्यंत पोंचली आणि १९५७ सालीं दहिसर व मुलुंड तींत आलीं. त्या काळचा उपनगरांतील दवाखाना अनेक वाचकांस आठवत असेल: झुलतें अर्धें दार, भिंतीलगत लांकडी बाक, लहानशा खिडकीआड मिश्रणें ढवळणारा कंपाउंडर, आणि बाटलीवर मात्रेच्या खुणांसाठीं कातरून चिकटविलेली कागदाची पट्टी. त्या दवाखान्याची आठवण काढून उसासे टाकण्याचा आमचा विचार नाहीं. बाकाला पाठ नसे, आणि कंपाउंडर आंतून ओरडून ज्याचें नांव घेई त्याचा रोगहि साऱ्या आळीला कळे.

आतां त्या जागीं रस्त्यालगतच्या गाळ्यांतून नव्या घाटाचा दवाखाना दिसूं लागला आहे. कांचेचें दार, छताखालीं दुसरें छत, गार हवेचें यंत्र, मऊ व बसकीं कोचें, आणि भिंतीवर अखंड बोलणारा दूरदर्शनचा पडदा. सजावट करणारे गृहस्थ सांगतात कीं, येणाराचें मन प्रसन्न झालें पाहिजे. तें खरें आहे. पण हा येणारा मनुष्य नाटकाला आलेला नाहीं. त्याच्या गुडघ्यांत कळ आहे, किंवा अंगांत ताप आहे, किंवा पंधरा दिवसांपासून लागलेली एक गांठ घरांत कोणालाहि न सांगतां तो अथवा ती येथवर आली आहे. अशा माणसाला ह्या जागेंत काय सोसावें लागतें, येथून विचारास आरंभ केला तर सजावटीची अर्धी यादी आपोआप गळून पडते.

नवा रोगी म्हणजे शेजारच्या डॉक्टराकडून आपल्याकडे वळलेला रोगी, अशी समजूत सार्वत्रिक आहे. आम्हांस ती कोती वाटते. आजवर कोणाकडेच न गेलेला रोगी तोच खरा नवा. मुंबईंतच ह्याचें एक ठळक उदाहरण घडलें आहे. एकोणिसाव्या शतकांत पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेण्यापेक्षां दुखणें अंगावर काढणें शेंकडों स्त्रिया पत्करीत. सोराबजी शापुरजी बंगाली व किट्रेज नांवाचे अमेरिकन व्यापारी ह्यांनीं निधि उभारून विलायतेहून डॉ. एडिथ पीची ह्यांना बोलाविलें; त्या १८८३ च्या अखेरीस मुंबईस आल्या. प्रथम जाफर सुलेमान दवाखान्यांत स्त्रिया व मुलें ह्यांच्यासाठीं काम सुरू झालें, आणि १८८६ सालीं पेस्तनजी होरमसजी कामा ह्यांच्या देणगीचें इस्पितळ उघडलें. तेथें तपासणाऱ्या सर्व डॉक्टर स्त्रियाच होत्या. रोग तेच होते, औषधेंहि फारशीं निराळीं नव्हतीं. दाराच्या आंत कोण भेटणार व कोण पाहणार, एवढी गोष्ट बदलली.

आज स्त्री-डॉक्टरांची वाण नाहीं, तथापि जुनी अडचण निराळ्या वेषांत टिकून आहे. आंत शिरतांच टेबलापाशीं बसलेली मुलगी दहा माणसांदेखत विचारते, "काय होतंय?" आणि बाई हळूच "अंग दुखतंय" असें कांहीं तरी सांगून मोकळ्या होतात. पुढें तपासणीच्या खोलीची भिंत पाहावी, तर ती लांकडी फळ्यांची व छतापासून दोन हात खालींच थांबलेली. आंतला शब्द न् शब्द बाहेर ऐकूं येतो. कोचांवर पैसे घालण्यापूर्वीं ही भिंत छताला भिडवावी, तपासणीच्या टेबलाभोंवतीं जाड पडदा लावावा, आणि बाहेर फक्त नांव व वय विचारावें. बरोबर आलेल्या सासूबाईंसाठीं बाहेर एक चांगली खुर्ची असावी, हेंहि सुचवितों. ती फार आरामशीर असल्यास उत्तम, म्हणजे त्या आंत येण्याची घाई करीत नाहींत.

आतां पायऱ्यांकडे वळूं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. उपनगरांत सखल जागीं गाळा घेणारा मनुष्य तेव्हांपासून जोतें उंच करूनच घेतो, आणि त्यांत त्याची चूक नाहीं. पण पाणी जेथें चढूं नये तेथें संधिवाताची म्हातारीहि चढूं शकत नाहीं. चाकांच्या खुर्चीसाठीं उतरण करावी म्हटलें, तर एक फूट उंचीस बारा फूट लांबी असें तिचें साधारण प्रमाण आहे. जोतें दीड फूट असेल तर अठरा फूट उतरण हवी, आणि पुढें पदपथ, तोहि महानगरपालिकेचा. प्रत्येक जागीं ही अडचण सुटतेच असें नाहीं. तरी पायऱ्या बुटक्या व रुंद करतां येतात, दोन्ही बाजूंस धरावयास कठडा बसवितां येतो, आणि पावसाळ्यांत निसरडी होणारी गुळगुळीत फरशी टाळतां येते. उपनगरांत रिक्षा दारापर्यंत येते, ही येथील मोठी सोय. शहरांतील रोग्यास ती नाहीं. ज्याला मुळींच चढवत नाहीं, त्याला पाहण्यास डॉक्टर दोन मिनिटें खालीं उतरून रिक्षेपाशीं गेला, तर ती वार्ता गल्लींत संध्याकाळपर्यंत पोंचते.

आंत आल्यावर बसावयाचें कशावर? बसकें कोच दिसावयास सुंदर खरें, पण त्यांत रुतलेल्या वृद्धास उठविण्यास दोन माणसें लागतात. दीड फूट उंचीची, ताठ पाठीची व दोन्ही बाजूंस हात असलेली खुर्ची स्वस्तहि असते आणि पुसावयासहि सोपी. छत्र्यांसाठीं पिंप व ओल्या चपलांसाठीं झाकलेली जागा जूनपूर्वीं करून ठेवावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र डोळ्यांना दिसत नाहीं; ती म्हणजे हवा. क्षयाचा जंतु हवेंतून पसरतो, आणि मुंबईंतून तो अद्याप हटलेला नाहीं. खोकणारे व न खोकणारे असे वीस लोक दार लावून घेतलेल्या गार खोलींत तासभर बसतात, तेव्हां भिंतीवरचें सामान्य यंत्र तीच हवा थंड करून पुन्हा पुन्हा त्यांच्या नाकांतोंडांत घालीत असतें. पेरू देशांतील लिमा शहरीं आठ इस्पितळांतून ह्याचा अभ्यास झाला व तो २००७ सालीं प्रसिद्ध झाला. दारें-खिडक्या उघड्या ठेवल्यावर पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छताच्या व मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांतील हवा तासाला सुमारें ४० वेळां पालटत होती. नव्या इमारतींतून तेंच प्रमाण १७ वर आलें होतें. यंत्रानें हवा खेळविणाऱ्या खोल्यांसाठीं १२ वेळांचें प्रमाण ठरविलेलें असतें. तेव्हां आमच्या आजोबांच्या वेळचें इस्पितळ ह्या एका बाबतींत तरी शहाणें होतें. गाळ्याला मागची खिडकी असेल तर ती औषधांच्या खोक्यांनीं बुजवूं नये. हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा. जोत्यावर पागोळ्यांच्या आंत चार खुर्च्या मावत असतील तर खोकणाऱ्यांस तेथें बसवावें, आणि तें अपमानासारखें वाटूं नये म्हणून एखाद्या वेळीं स्वतःच्या आप्तांनाहि तेथेंच बसवावें.

खिडकीबाहेर झाड असलें तर दुधांत साखर. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रोग्यांची तुलना उल्रिच नांवाच्या अमेरिकन संशोधकानें १९८४ सालीं प्रसिद्ध केली. ज्यांना खिडकींतून झाडें दिसत ते विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षां लौकर घरीं गेले, व त्यांना तीव्र वेदनाशामकें कमी लागलीं. फिनलंडमधील पायमिओच्या क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांत तर आल्वार आल्टो ह्या स्थापत्यकारानें १९३३ सालींच हात धुण्याचीं भांडीं अशीं बसविलीं कीं, पाण्याच्या आवाजानें शेजारचा रोगी जागा होऊं नये. बोरिवलीच्या गाळ्यांत आल्टो कोठून आणावा, असें कोणी म्हणेल. पण दूरदर्शनचा आवाज बंद करावयास स्थापत्यकार लागत नाहीं.

शेवटीं पैशाची बाब. सजावटीचें कर्ज डॉक्टरानें काढलें तरी फेडतात रोगीच, आणि हें रोग्यांनाहि उमजतें. त्याच इमारतींत चार घरचीं भांडीं घासणारी बाई कांचेच्या दारापाशीं थबकते. आंतली चकाकी पाहून आपल्याला येथें किती पडतील, ह्या धास्तीनें परत फिरते, आणि औषधाच्या दुकानांतून दोन गोळ्या मागून घेते. महानगरपालिकेनें २०२२ च्या नोव्हेंबरांत मोफत तपासणीचे 'आपला दवाखाना' उघडण्यास आरंभ केला. तेथें ही धास्ती नाहीं. खासगी डॉक्टरास फुकट तपासणें परवडत नाहीं, पण धास्ती घालविणें परवडतें. फी फलकावर स्पष्ट लिहावी असें २००२ च्या नियमांतच सांगितलें आहे. कित्येकांस त्याचा संकोच वाटतो व ते तो फलक आंतल्या टेबलामागें टांगतात, जेथें तो वाचण्यापूर्वींच फी लागू झालेली असते. तो दाराबाहेर, पाटीच्या शेजारीं असावा. त्यावर फी, पुन्हा दाखविण्यास येण्याची फी आणि डॉक्टर खरोखर हजर असण्याच्या वेळा असाव्या. घाटकोपर-मुलुंडाकडे तो मराठीबरोबर गुजरातींतहि लिहावा, आणि अक्षर इतकें ठळक असावें कीं, चष्मा घरीं विसरलेल्या आजीबाईंना रस्त्यावर उभें राहूनच तें वाचतां यावें.