आपली सायकल आपल्या हातीं

ठाणें, डोंबिवली, कल्याण या गांवांचें जीवन लोहमार्गाशीं बांधलेलें आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ठाण्यास आली आणि पुढच्याच वर्षीं ती कल्याणपर्यंत धांवूं लागली. घरापासून स्टेशनापर्यंतचें अंतर मात्र ज्याचें त्यानेंच तोडावयाचें असतें. त्यासाठीं सायकल फार सोयीची; परंतु पहांटे चाक बसलेलें आढळलें आणि दुकान बंद असलें, कीं लोकल चुकलीच. म्हणून घरांतील मुलामुलींनीं, मोठ्यांनींही, निदान तीन गोष्टी शिकाव्या.

पहिली पंक्चरची. बेलफास्टच्या डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें १८८८ सालीं आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं हवेचें टायर तयार केलें. पंक्चर हें त्या सुखाचें भाडें होय. टायरची एक कड रिमवरून उतरवून ट्यूब बाहेर घ्यावी, हवा भरून परातींतील पाण्यांत थोडी थोडी बुडवावी आणि बुडबुडे येतील तेथें खूण करावी. ती जागा कोरडी करून पॉलिशकागदानें घासावी, सोल्यूशनचा पातळ थर द्यावा व तो बोटास चिकटेनासा होईपर्यंत थांबावें. शिकाऊ माणूस येथेंच घाई करितो आणि ठिगळ सुटतें. टायरच्या आंतून बोटें जपून फिरवावीं. कांटा तेथेंच राहिला, तर श्रम फुकट.

दुसरी चेनची. आपल्याकडील पावसाळ्यांत ती लवकर गंजते. फडक्यानें पुसून प्रत्येक सांध्यावर तेलाचा एकच थेंब द्यावा व वरचें तेल टिपून घ्यावें; जादा तेल धूळच धरितें. पिनीच्या मध्यापासून मोजल्यास बारा इंचांवर पुन्हां पिनीचाच मध्य यावा. तो अष्टमांश इंच पुढें गेला, तर चेन बदलावी.

तिसरी ब्रेकची, आणि हीच जिवाची. रबर रिमवर टेंकावें, टायरवर नव्हे. निघण्यापूर्वीं ब्रेक दाबून सायकल पुढें ढकलून पाहावी. चाक फिरलें, तर त्या दिवशीं पायीं जावें.

एक गंमत सांगतों. डाव्या पॅडलाचे आटे उलटे असतात. चालवितांना तें सैल होऊं नये, म्हणून ही योजना. पाना वर उभा धरून मागील चाकाकडे ओढला, कीं कोणतेंही पॅडल सुटतें. पुढें ढकलला, कीं आवळतें.

आतां शिकविणाऱ्यास दोन शब्द. आपले हात पाठीमागें बांधा. मुलाच्या हातून पाना निसटेल, वेळ लागेल; लागूं द्या. काढलेले भाग वर्तमानपत्रावर क्रमानें मांडावयास लावा. बसवितांना तोच क्रम उलट. जें दुसऱ्यानें करून दाखविलें तें डोळ्यांत राहतें. जें स्वतः केलें तें हातांत उतरतें. चिमटा तडकला असेल किंवा चाक वांकडें झालें असेल, तर मात्र मिस्त्रीकडेच जावें. आपल्याला काय येत नाहीं, हें ओळखणें हाही या विद्येचाच भाग आहे.