चौकोन उघडला की आत काय?

आमच्या ऑफिसच्या भिंतीवर परवापर्यंत एक ए-झिरो आकाराचं पोस्टर होतं. माझ्या खांद्याइतकं उंच. त्यावर आमच्या सगळ्या सॉफ्टवेअरचं चित्र होतं. किती चौकोन होते ते मी एकदा मोजायला घेतलं आणि सत्तरच्या पुढे सोडून दिलं. बाण तर विचारूच नका. पाहुणे आले की आम्ही त्यांना हमखास त्या पोस्टरसमोर उभं करायचो, ते "वा" म्हणायचे आणि सगळे कॉफी प्यायला जायचे.

मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे इंटर्नशिपला एक मुलगा आला, सांगलीचा. आमचा गट उत्तर इंग्लंडमधल्या नद्यांवर काम करतो. पाणीपातळीच्या नोंदी आणि पावसाचे आकडे घेऊन पुढच्या काही तासांत पाणी किती चढेल याचा अंदाज काढायचा, आणि तो कितपत खरा ठरतो ते तपासायचं. (लोकांना सावध करणारी सरकारी यंत्रणा वेगळी, आम्ही संशोधनापुरते.) २६ डिसेंबर २०१५ ला लीड्स आणि यॉर्कमध्ये पाणी शिरलं होतं, ते इथे अजून निघतं बोलण्यात. या मुलाच्या घरात ऑगस्ट २०१९ ला कृष्णेचं पाणी आलं होतं, त्यामुळे त्याला हा विषय समजावून सांगावा लागला नाही. पहिल्याच दिवशी तो पोस्टरसमोर दहा मिनिटं उभा राहिला आणि मला म्हणाला, "ताई, यात पाणी आत कुठून येतं?"

पाणी म्हणजे डेटा. मी बोट ठेवायला गेले आणि मला पटकन सापडेना.

पॉडकास्टच्या श्रोत्यांपैकी बरेच जण आयटीत आहेत, त्यामुळे हे पोस्टर तुमच्याही ओळखीचं असणार. नसाल आयटीत तरी हरकत नाही. मोठं काम कागदावर मांडताना सगळ्यांचीच पंचाईत होते: सगळं दाखवलं तर काहीच दिसत नाही, थोडं दाखवलं तर कामाचं नेमकं राहून जातं. यावरचा उपाय एका वाक्यात सांगता येतो. एकाऐवजी अनेक चित्रं काढा, प्रत्येक वेगळ्या खोलीवरचं, आणि ती एकमेकांना जोडा. अवघड आहे ते शेवटचे तीन शब्द.

आधी खोलीबद्दल. फोनवरचा नकाशा आपण दोन बोटांनी मोठा-लहान करतो. वेबवरच्या नेहमीच्या नकाशांमध्ये शून्य पातळीला सगळं जग २५६ बाय २५६ पिक्सेलच्या एका फरशीवर मावतं. पुढच्या प्रत्येक पातळीला प्रत्येक फरशीच्या चार होतात, म्हणजे दहाव्या पातळीला १०,४८,५७६. पण गंमत या आकड्यात नाही. वरच्या पातळीचा नकाशा म्हणजे खालच्याचा बारीक केलेला फोटो नव्हे. देश दिसत असताना गल्ल्या दिसत नाहीत, कारण कोणीतरी ठरवलेलं असतं की या उंचीवरून महामार्ग पुरेत. आमच्या पोस्टरवर असं कोणी काही ठरवलंच नव्हतं. डेटाबेसच्या शेजारी एका छोट्या फंक्शनचा चौकोन, तेवढ्याच आकाराचा. महाराष्ट्राच्या नकाशावर पुणे, नागपूर आणि आमच्या सोसायटीचं गेट, तिन्ही एकाच ठिपक्याने.

सॉफ्टवेअरसाठी या पातळ्या ठरवून देणारी सध्याची सगळ्यात वापरातली पद्धत म्हणजे सायमन ब्राऊन यांचं सी-फोर मॉडेल. नाव चार सी वरून आलंय: कॉन्टेक्स्ट, कंटेनर, कंपोनंट, कोड. पहिल्या चित्रात तुमची अख्खी सिस्टिम हा एकच चौकोन, आणि भोवती ती वापरणारी माणसं आणि तिच्याशी बोलणाऱ्या इतर सिस्टिम. आमच्या बाबतीत मधोमध "पूर-अंदाज", एका बाजूला एन्व्हायर्न्मेंट एजन्सीच्या दर १५ मिनिटांच्या खुल्या नोंदी, पावसाचे अंदाज, ओढ्यांवर आम्ही स्वतः लावलेले सेन्सर. दुसऱ्या बाजूला आम्ही संशोधक. बस. हे चित्र आईलाही कळतं, आणि कळायलाच हवं.

तो चौकोन उघडला की दुसरं चित्र. यात कंटेनर येतात, म्हणजे वेगवेगळे चालणारे भाग: वेब ॲप, डेटाबेस, दर तासाला चालणारा प्रोग्राम, फाइलींचा साठा. इथे हटकून गोंधळ होतो. हा कंटेनर म्हणजे डॉकरचा कंटेनर नाही. डॉकर आलं २०१३ मध्ये, ब्राऊन यांनी हा शब्द त्याआधीपासून धरलेला. तिसऱ्या पातळीवर एकेका कंटेनरच्या आतले कंपोनंट, आणि चौथ्यावर थेट कोडची रचना. ती चौथी पातळी हाताने काढत बसू नका असं खुद्द ब्राऊनच सांगतात. कोड रोज बदलतो, चित्र आठवड्यात शिळं होतं, आणि लागलंच तर टूल ते कोडमधून काढून देतं. बहुतेक गटांचं पहिल्या दोन पातळ्यांवर भागतं. माझा अनुभवही तोच आहे; तिसरी पातळी आम्ही फक्त दोन कंटेनरसाठी काढली आहे, जिथे नवा माणूस हमखास अडखळतो तिथे.

एक फरक इथेच सांगते, कारण मी स्वतः पीएचडीभर त्यात गल्लत केली. खोली बदलणं वेगळं आणि दिशा बदलणं वेगळं. फिलिप क्रूख्टेन यांनी १९९५ मध्ये "फोर प्लस वन" नावाची मांडणी दिली. एकाच सिस्टिमकडे चार बाजूंनी पाहायचं (कामाचे भाग, चालू असलेल्या प्रक्रिया, कोडची विभागणी, प्रत्यक्ष मशीन) आणि वापराची उदाहरणं घेऊन त्या चार बाजू एकमेकींना बांधायच्या. हे घराच्या प्लॅन आणि एलेव्हेशनसारखं आहे. एलेव्हेशन म्हणजे मोठा केलेला प्लॅन नव्हे. "कोणता प्रोग्राम कोणत्या सर्व्हरवर चालतो" हे चित्र पातळ्यांच्या उतरंडीत कोंबायला गेलात की उतरंड मोडते. ते शेजारी ठेवायचं.

आता जोडणी. त्यासाठी मला माझी आत्या आठवते. ती ज्युनियर कॉलेजला भूगोल शिकवायची आणि तिच्याकडे सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीट असायच्या. ज्यांनी अकरावी-बारावीला भूगोलाचं प्रॅक्टिकल केलंय त्यांना हे माहीत असेल. देश आधी चार अंश बाय चार अंशांच्या मोठ्या तुकड्यांत विभागलेला, प्रत्येकाला एक नंबर. मुंबई-पुणे येतं ४७ मध्ये. त्या ४७ चे एक-एक अंशाचे सोळा भाग, ए ते पी. त्यातल्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा, १ ते १६, आणि हे झाले १:५०,००० चे नकाशे. पुणं आहे ४७ एफ/१४ वर, मुंबई ४७ ए/१६ वर. नावातच पत्ता आहे: हा कागद कुणाच्या पोटात बसतो ते कागद न उघडता कळतं. शिवाय समासात एक छोटी जाळी छापलेली असते, शेजारचे कागद कोणते ते सांगणारी. नदी कागदाच्या कडेला संपली की आत्या म्हणायची, "नदी संपत नाही गं, कागद संपतो. पुढचा काढ." आणि पुढच्या कागदावर नदी त्याच जागेतून आत आलेली असायची.

ती "त्याच जागेतून आत आलेली" ही गोष्ट सॉफ्टवेअरच्या चित्रांत बहुतेक वेळा राहून जाते. नियम जुना आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीला टॉम डीमार्को आणि त्यांच्या बरोबरीचे लोक डेटा-फ्लो डायग्राम पातळ्यांमध्ये काढायला शिकवत होते, तेव्हा ते एक अट घालायचे: वरच्या चित्रातल्या गोलात जेवढे प्रवाह आत येतात आणि बाहेर जातात, तेवढेच त्या गोलाच्या आतल्या चित्राच्या कडेवर दिसले पाहिजेत. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. याला ते बॅलन्सिंग म्हणत. आपल्याकडे जमाखर्चाची वही जुळवतात तसंच. पुढे ते डायग्राम मागे पडले आणि त्यांच्याबरोबर ही शिस्तही बऱ्याच जणांच्या हातून सुटली.

तर त्या मुलाला मी कामच हे दिलं: पोस्टर उतरव, सी-फोरच्या पहिल्या तीन पातळ्या काढ, आणि प्रत्येक चौकोनाची कड जुळव. मला वाटलं होतं आठवडाभराचं कारकुनी काम आहे. तिसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन आला. "ताई, हा एक बाण लटकतोय."

पोस्टरवर "अंदाज" या चौकोनात एकच बाण येत होता, "तपासलेल्या नोंदी" मधून. पण त्या "अंदाज" च्या आतलं चित्र आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने स्लाइडवर काढून ठेवलं होतं, आणि त्यात डाव्या कडेवर दोन बाण होते. दुसरा थेट कच्च्या नोंदींमधून. कारण अगदी समजण्यासारखं होतं: तपासणीला काही तास लागतात, आणि अंदाजाला अगदी ताजे आकडे हवे असतात. म्हणून शेवटच्या काही तासांपुरते त्याने कच्चे आकडे घेतले होते. बहुधा कोणाला तरी सांगितलंही असेल. मग तो दुसरीकडे गेला.

आम्ही कोड उघडला. बाण खरा होता. मागच्या हिवाळ्यात आमचा एक सेन्सर गाळात रुतून रात्रभर एकच आकडा दाखवत होता. तपासणीत तो पकडला गेला होता, आम्ही निर्धास्त होतो. पण अंदाजाने तोच सपाट आकडा दुसऱ्या वाटेने घेतला होता, तेही ज्या तासांना सगळ्यात जास्त महत्त्व त्याच तासांत. त्या हिवाळ्यावरचा आमचा पेपर तेव्हा परीक्षकांकडे होता. आम्ही तो मागे घेतला आणि तीन महिने सगळं पुन्हा चालवलं. प्रमुखांना हे सांगायला जाताना माझे पाय जड झाले होते, ते वेगळं.

दोन्ही चित्रं शेजारशेजारच्या फोल्डरमध्ये वर्षानुवर्षं पडून होती. बघणाऱ्याला दोन्ही नीटनेटकी वाटायची. चूक दिसली ती दोघांमधल्या सांध्यावर.

हे सगळं हाताने जुळवायचं का? छोट्या सिस्टिमला चालतं. ड्रॉ डॉट आयओ सारख्या टूलमध्ये चौकोनाला दुसऱ्या पानाची लिंक देता येते, क्लिक केलं की आत. दिसायला छान. पण त्या टूलच्या लेखी वरचा "अंदाज" आणि आतला "अंदाज" यांचा काही संबंध नसतो. एकाचं नाव बदललं तर दुसऱ्याला पत्ता नसतो. मर्मेड किंवा प्लांटयूएमएलमध्ये चित्र मजकुरातून तयार होतं, त्यामुळे गिटमध्ये ठेवता येतं, कोणी काय बदललं ते दिसतं. हे मला फार आवडतं. तरी दोन फाइलींतला एकच चौकोन त्यांच्यासाठी दोनच. याच्या पुढची पायरी म्हणजे आधी मॉडेल, मग चित्र. ब्राऊन यांच्याच स्ट्रक्चरायझरमध्ये तुम्ही भाग आणि त्यांचे संबंध एकदाच लिहिता, आणि त्या एका यादीतून हव्या त्या पातळीचं चित्र काढून घेता. आतल्या भागाचा बाहेरच्याशी संबंध लिहिलात तर वरच्या पातळीवरचा बाण टूल स्वतः ओळखू शकतं. आमचा लटकता बाण तिथे लटकला नसता. मात्र टूलने आपोआप केलेली मांडणी कधीकधी बघवत नाही, हेही सांगून ठेवते. आमचं एक चित्र अजून झाडूसारखं दिसतं.

सगळंच उतरंडीत बसतं असंही नाही. लॉगिन आणि लॉगिंग प्रत्येक भागाला चिकटलेलं असतं. ते दाखवलं तर पुन्हा पोस्टर होतं, म्हणून आम्ही ते चित्रातून काढून खाली एका ओळीत लिहिलं. तारखा आणि टाइमझोनची एक लायब्ररी आमचे तीन कंटेनर वापरतात. ती कुणाच्या पोटात ठेवायची यावर आमच्यात दोन मीटिंग झाल्या. शेवटी तिघांच्याही आत दाखवली, कारण चालताना ती खरोखर तिघांच्याही आत असते. आणि वाणसामानाच्या यादीइतकं साधं एक काम: प्रत्येक बाणावर क्रियापद लिहा. "वापरतो" हे क्रियापद धरू नका. "दर तासाला नोंदी वाचतो" असं लिहायला बसलात की आपल्याला काय माहीत नाही ते आपोआप बाहेर येतं.

नावं आम्ही टोपोशीटवरून घेतली. "पूर", त्याच्या आत "पूर/अंदाज", त्याच्या आत "पूर/अंदाज/३". प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात छोटी जाळी, आपण कुठे आहोत ते सांगणारी. आत्याला फोनवर दाखवलं तर ती म्हणाली, स्केल कुठे लिहिलंय? ते राहिलंच होतं. आता प्रत्येक चित्राच्या शीर्षकात पातळी लिहितो.

तुमच्याकडे करून बघायचं असेल तर टूल शोधत बसू नका. पहिल्या पातळीपासून सुरुवात करा: मधे एक चौकोन, भोवती माणसं आणि बाहेरच्या सिस्टिम, अर्धा तास, कागद-पेन्सिल. गटातल्या प्रत्येकाने दुसऱ्याचं न बघता काढायचं. आम्ही काढली तेव्हा तिघांची तीन वेगळी चित्रं निघाली, आणि त्यातल्या एकात ओढ्यावरचे सेन्सर नव्हतेच.