सिक्स बाय सिक्स, पण दिवसाउजेडी

वाहन परवान्याच्या अर्जासोबत आपण 'नमुना १' नावाचा एक कागद भरून देतो. प्रकृती ठणठणीत असल्याची ती आपणच आपल्याबद्दल दिलेली ग्वाही. त्यात डोळ्यांबद्दल मोजून तीन प्रश्न आहेत. २५ मीटरवरच्या गाडीची नंबर प्लेट वाचता येते का, हा पहिला. आणि ती 'चांगल्या सूर्यप्रकाशात' वाचता आली की पुरे, अशी सोय नियमातच आहे. लाल आणि हिरवा ओळखता येतो का, हा दुसरा. तिसरा, रातांधळेपणा आहे का? इथे 'नाही' लिहायचं आणि सही ठोकायची. बऱ्याचदा एजंटानं खुणा आधीच करून ठेवलेल्या असतात. चाळिशी उलटल्यावर डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, पण तिथंही अक्षरांचा तक्ता असतो तो पांढऱ्या, लखलखीत उजेडावरची काळी ठळक अक्षरं दाखवणारा. अंधारात या माणसाला किती दिसतं, हे आरटीओपासून चष्म्याच्या दुकानापर्यंत सहसा कुणी बघतच नाही.

त्यामुळे पन्नाशीतला माणूस 'हल्ली रात्री गाडी चालवायला नको वाटतं' म्हणतो, डोळे तपासून येतो, सिक्स बाय सिक्स निघतात आणि घरचे म्हणतात, 'तुमच्या मनाचे खेळ आहेत.' ते मनाचे खेळ नसतात.

डोळ्याच्या पडद्यावर दोन जातींच्या पेशी असतात. शंकुपेशी साधारण ६० लाख; रंग आणि बारकावे त्यांच्याकडे, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडपेशी १२ कोटींच्या घरात. त्या अगदी मंद उजेडात काम करतात, पण रंग ओळखत नाहीत आणि बारीकसारीक तपशील टिपत नाहीत. आपण थेट ज्यावर नजर रोखतो, त्या पडद्याच्या ऐन मध्यावर दंडपेशी नसतातच. खात्री करायची असेल तर गावाकडच्या काळोख्या रात्री कृत्तिकांच्या पुंजक्याकडे टक लावून पाहा आणि मग नजर जरा बाजूला न्या. बाजूला नेल्यावर जास्त तारे दिसतात. तिन्हीसांजेला लाल रंग सगळ्यांत आधी काळवंडतो, तोही याच पेशींमुळे; लाल प्रकाश त्यांना जवळजवळ जाणवतच नाही. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच हे टिपून ठेवलं होतं.

दंडपेशींतलं रंगद्रव्य 'अ' जीवनसत्त्वापासून बनतं. उजेड पडला की ते विरतं आणि अंधारात सावकाश पुन्हा भरून येतं. पूर्ण भरायला अर्धा-पाऊण तास लागतो. गाडी चालवताना एवढा सलग अंधार मिळतो कुठे? समोरून दिवे, डॅशबोर्डवर दिवे, वर टोलनाक्याचा झगझगाट. म्हणजे रात्रीचा ड्रायव्हर ना धड अंधाराच्या डोळ्यांनी पाहत असतो, ना उजेडाच्या. दोन्ही पेशी अर्धवट कामाला लागलेल्या असतात, आणि अशा वेळी सर्वांत आधी जातो तो करड्यावरचा करडा ओळखण्याचा गुण.

नोव्हेंबर ते मार्च कोल्हापूर, सांगली, सातारा पट्ट्यात ज्यानं रात्री गाडी चालवली आहे, त्याला याचा अर्थ फोड करून सांगावा लागणार नाही. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, बाहेर हात-दीड हात आलेला ऊस, टेललाईट नाही, असली तर मोळ्यांच्या टोकांनी झाकलेली. ऊस मातकट, ट्रॉली मातकट, मागचा रस्ताही त्याच रंगाचा. ट्रॅक्टरवरचं गाणं आधी ऐकू येतं आणि ट्रॉली नंतर दिसते, ही थट्टा नाही. गाळप हंगामात आरटीओ आणि कारखाने ट्रॉल्यांना, बैलगाड्यांना रेडियमच्या पट्ट्या, लाल कापड लावण्याची मोहीम काढतात. ती पट्टी आपल्याच हेडलाईटचा उजेड आपल्याकडे परत पाठवते, म्हणून लांबून चमकते. पण तिच्यावर चिखल बसला किंवा पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला तिरकी उभी राहिली, की तिचा उपयोग फारसा उरत नाही.

इथे थोडं गणित करावं लागेल. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. दिसलं, उमगलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद जातो: ३३ मीटर. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरांची गाडी त्यानंतर थांबायला आणखी ३५ मीटर घेते. एकूण जवळपास ७० मीटर. आणि डिपरवर गडद कपड्यांतला माणूस किंवा बिनदिव्याची ट्रॉली दिसते ती बहुधा ५० मीटरच्या आत. म्हणजे नजर अगदी तल्लख असली तरी ८० च्या वेगानं डिपरवर जाणारा माणूस स्वतःच्या उजेडाच्या पुढे धावत असतो. ताशी ५० ला हाच हिशेब ३५ मीटरच्या आसपास येतो, आणि तो जमतो. सरळसोट, मोकळ्या हायवेवर रात्री ५० नं जायला सांगणं हास्यास्पद वाटतं, हे मान्य. पण हिशेब तोच राहतो.

त्यात समोरच्याचा अपर. डोळ्यावर झोत आला की तो बाहुलीतून सरळ आत जात नाही. भिंगात, बुबुळात विखुरतो आणि सगळ्या चित्रावर पांढुरकं धुकं पसरतं. गाडी निघून गेल्यावरही नजर सावरायला काही सेकंद लागतात, वय झालेल्यांना जास्त. ८० च्या वेगात पाच सेकंद म्हणजे ११० मीटर आंधळा प्रवास. कराडकडच्या एका चहाच्या टपरीवर एका ट्रक ड्रायव्हरला यावर उपाय विचारला होता. "त्याच्याकडं बघायचंच नाय साहेब," तो म्हणाला. "डावीकडची पांढरी पट्टी धरायची आन् पाय सैल सोडायचा." नेत्रतज्ज्ञही हेच सांगतील. पट्टी पुसली गेलेली असेल तर काय, हे मी त्याला विचारलं नाही. त्यानं कपाळावर हात मारला असता.

दिव्यानं समोरच्याला दिपवू नये, हा नियम आपल्याकडे १९८९ पासून लिहून ठेवलेला आहे, आठ मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस गृहीत धरून. बाजारातून आणून बसवलेले पांढरेफेक एलईडी बल्ब हा नियम रोज मोडतात. पण मूळ दिवे असलेली गाडीही मोडते. मागे चार माणसं आणि डिकीत सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं आणि डिपरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यात जातो. यासाठी बऱ्याच गाड्यांत स्टीअरिंगच्या उजव्या बाजूला ०, १, २, ३ असे आकडे असलेलं छोटं चाक दिलेलं असतं. भार वाढला की आकडा वाढवायचा. किती जणांनी त्याला कधी हात लावला असेल, देव जाणे. समोरची काचही बाहेरून पुसली जाते, आतून नाही. आतल्या बाजूला डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून निघालेल्या वाफेचा एक तेलकट थर बसतो आणि समोरचा प्रत्येक दिवा त्यावर फुलतो.

आता वयाकडे येऊ. विशीत अंधारात बाहुली सात-आठ मिलिमीटर उघडते, साठीनंतर कशीबशी पाच. भिंग पिवळं, गढूळ होत जातं. साठीच्या माणसाच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर दिव्यांभोवती खळं दिसतं; भिंगाच्या मागच्या बाजूचा मोतीबिंदू, जो मधुमेह आणि स्टेरॉइडवाल्यांना अधिक होतो, तो अंधाऱ्या खोलीतल्या तक्त्यावर फारसा त्रास देत नाही, पण हेडलाईटसमोर हतबल करतो. डॉक्टरांना 'कमी दिसतं' एवढंच सांगून भागत नाही. 'समोरून दिवा आला की दिसत नाही' असं सांगावं, म्हणजे ते त्या दृष्टीनं तपासतात. दिवसा चालवून घेतलेला अर्धा नंबर किंवा थोडा सिलिंडर रात्री बाहुली मोठी झाली की चांगलाच जाणवतो. अंधारात दूरचं अधिक धूसर होतं, हे ब्रिटनचे राजखगोलशास्त्रज्ञ मॅस्केलिन यांनी अठराव्या शतकातच स्वतःच्या डोळ्यांवरून ओळखलं होतं.

'नाइट ड्रायव्हिंग'च्या नावानं विकले जाणारे पिवळ्या काचांचे चष्मे मात्र घेऊ नका. घातल्यावर बरं वाटतं, पण २०१९ मध्ये अमेरिकेत सिम्युलेटरवर झालेल्या एका अभ्यासात त्यांनी रस्त्यावरचा माणूस लवकर दिसायला काहीच मदत केली नाही. उजेड आधीच कमी, त्यात तो आणखी गाळून घ्यायचा, हा कुठला शहाणपणा?

खरा रातांधळेपणा वेगळा. त्यात समोरून दिवा नसतानाही अंधार पडला की माणूस दाराची चौकट चाचपतो. लहान मुलांत त्याचं कारण 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता असू शकतं. त्यासाठीच नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी डोस देतात. तरुणपणी सुरू होऊन वाढत जाणारा रातांधळेपणा बहुतेकदा आनुवंशिक असतो: दंडपेशी आधी मरतात, मग कडेची नजर आकसत जाते. जवळच्या नात्यात लग्नं होणाऱ्या घरांत तो अधिक आढळतो. घरात असा कुणी असेल तर पडदा तपासून घ्यायला वेळ लावू नये, आणि गाडीची किल्ली दुसऱ्या कुणाकडे असावी.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर एक प्रश्न आधी विचारा. जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारं, चष्म्याची गरज संपवणारं महागडं मल्टिफोकल भिंग बसवण्याचा आग्रह हल्ली होतो. ते येणारा उजेड वेगवेगळ्या अंतरांसाठी वाटून टाकतं, त्यामुळे रात्री दिव्यांभोवती कडी दिसण्याचं प्रमाण साध्या एकफोकसी भिंगापेक्षा जास्त असतं. तुम्ही रोज रात्री गाडी चालवत असाल, ड्रायव्हर असाल, शिफ्ट ड्युटीवर असाल, तर सर्जनला हे भिंग ठरवण्याआधी सांगा. बसवल्यावर ते बदलायचं म्हणजे दुसरं ऑपरेशन.